उपमा अलंकार : पुस्तकातला आणि रोजच्या बोलण्यातला



आज आपण उपमा अलंकार पाहणार आहोत. फळ्यावर ‘उपमा’ असा शब्द लिहिला की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, “बाई, सांजा!” दरवर्षी येतो. मुलं बदलतात, विनोद तोच. मीही आता त्याच्यासाठी थांबायला शिकले आहे. एकदा सगळे हसून झाले की पुढची वीस मिनिटं वर्ग माझा असतो. तर आधीच सांगून टाकते. नाश्त्याला असतो ‘तो’ उपमा, दक्षिणेकडून आपल्या ताटात आलेला. आपण शिकणार आहोत ‘ती’ उपमा, संस्कृतातून आलेली. दोघांचं काही नातं नाही.

पण या दुसऱ्या उपमेचाही स्वयंपाकघराशी संबंध आहे बरं का! संस्कृतात ‘मा’ या धातूचा अर्थ मोजणे. माप, परिमाण, प्रमाण हे सगळे त्याच घरचे शब्द. ‘उप’ म्हणजे जवळ. एखादी गोष्ट मोजायची आहे, तर तिच्याजवळ आपल्या ओळखीची दुसरी गोष्ट नेऊन ठेवायची आणि तिच्या मापाने मोजायचं, ही झाली उपमा. आता आजीला आमटी विचारा. ती म्हणेल, “लिंबाएवढी चिंच भिजत घाल, सुपारीएवढा गूळ टाक.” किती ग्रॅम, असं विचारलंत तर तीच तुमच्याकडे बघत राहील. उन्हाळ्यात गारपीट झाली की बातमी येते, गारा बोराएवढ्या होत्या, कुठे लिंबाएवढ्या होत्या. गार हातात टिकत नाही, वितळून जाते. बोर मात्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्यामुळे न पाहिलेल्या माणसालाही गार केवढी होती ते कळतं.

आपल्याकडच्या न्यायदर्शनात ज्ञान मिळवण्याचे चार मार्ग मानले आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. त्यातल्या उपमानाचं नेहमीचं उदाहरण असं. एका माणसाने ‘गवय’ नावाचा रानातला प्राणी कधी पाहिलेला नाही. त्याला कोणीतरी सांगतं, गवय गाईसारखा असतो. पुढे तो रानात जातो, गाईसारखा पण गाय नसलेला प्राणी बघतो आणि म्हणतो, हाच तो गवय! म्हणजे बघा, सारखेपणा सांगणं ही केवळ नटवण्याची गोष्ट नाही, ती ओळख पटवण्याची रीत आहे. गंमत म्हणजे काव्यशास्त्रवाले मात्र ‘गवय गाईसारखा’ या वाक्याला अलंकार मानायला तयार नाहीत. का? कारण त्यात माहिती आहे, पण ऐकणाऱ्याला सुखद धक्का बसेल असं काही नाही. लिंबाएवढ्या चिंचेचंही तसंच. तुलना आहे, अलंकार नाही. हा फरक डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

चार भाग, आणि ते लक्षात कसे ठेवायचे

माझं एक साधं वाक्य घेऊ. “पहाटेचं धुकं दुधाच्या सायीसारखं दाट होतं.”

इथे आपल्याला सांगायचं आहे धुक्याबद्दल. म्हणून धुकं हे उपमेय. ते मोजायला जवळ आणली दुधाची साय, म्हणून साय हे उपमान. दोघांत असलेला सारखा गुण म्हणजे दाटपणा, त्याला म्हणायचं समान धर्म किंवा साधारण धर्म. आणि दोघांना जोडणारा शब्द ‘सारखं’, तो साधर्म्यवाचक शब्द.

उपमेय कुठलं नि उपमान कुठलं, यात निम्मा वर्ग दरवर्षी गोंधळतो. पाठ करू नका. पेय म्हणजे काय? प्यायचं ते. देय म्हणजे? द्यायचं ते. तसं उपमेय म्हणजे मोजायचं ते. आणि ‘मान’ म्हणजे माप. दुकानात साखर मोजायला किलोचं वजन ठेवतात ना? साखर हे उपमेय, वजन हे उपमान. पिशवीत घालून घरी आणतो ती साखर, वजन तिथेच राहतं. वाक्यातही तसंच होतं. वाक्य संपल्यावर धुकं आपल्याबरोबर राहतं, साय राहत नाही.

साधर्म्यवाचक शब्दांची यादी तुमच्या पुस्तकात आहेच : सारखा, जसा, तसा, प्रमाणे, समान, सम, सदृश, परी, वगैरे. मी त्यात दोन घालते, जे पुस्तकात असले तरी शाळेत आल्यावर आपण बोलायचे सोडतो : ‘गत’ आणि ‘वाणी’. “येड्यागत काय करतंस?”, “वाघावाणी धावला.” हे अशुद्ध नाहीत. तुमच्या घरी बोलत असतील तर संवाद लिहिताना बिनधास्त वापरा.

आता थोडं व्याकरण, पटकन. ‘सारखा’ लागण्याआधी नामाचं सामान्यरूप होतं. दूध, पण दुधासारखा. फूल, पण फुलासारखा. म्हैस, पण म्हशीसारखी. विहीर, पण विहिरीसारखी. वहीत ‘दूधसारखा’, ‘फूलसारखी’ असं दिसलं की माझा लाल पेन आपोआप हलतो. दुसरं, ‘सारखा’चं लिंग आणि वचन उपमेयाप्रमाणे बदलतं, उपमानाप्रमाणे नाही. दुधासारखी साडी, दुधासारखा सदरा, दुधासारखे दात. दूध नपुंसकलिंगी आहे याच्याशी साडीला देणंघेणं नाही.

‘सारखा’ दिसला की उपमा? थांबा!

ही परीक्षेतली सगळ्यात मोठी फसवणूक. मराठीतला ‘सारखा’ हा शब्द फार कामसू आहे, तो दहा ठिकाणी राबतो. पुढची वाक्यं मोठ्याने वाचा.

“हा सारखा फोन बघतो.” इथे सारखा म्हणजे सतत. “दोघी बहिणींना सारखी साडी घेतली.” म्हणजे एकाच प्रकारची. “पदर सारखा कर.” म्हणजे नीट कर. “खाल्ल्यासारखं करतो आणि ताट सरकवतो.” म्हणजे खाण्याचं नाटक करतो. “तो किल्ला बघण्यासारखा आहे.” म्हणजे बघावा असा आहे. “तुझ्यासारख्या हुशार मुलीनं असं करावं?” इथे मुलीची तुलना दुसऱ्या कोणाशी नाही, ती मुलगी तीच आहे. आणि “अंगात कणकण असल्यासारखं वाटतंय.” यात बोलणाऱ्याला खात्री नाही, म्हणून तो ‘सारखं’ म्हणतो.

सातही वाक्यांत ‘सारखा’ आहे, उपमा एकातही नाही. मग ओळखायचं कसं? दोन वेगळ्या गोष्टी आहेत का ते बघा, आणि त्यांच्यात एक गुण सारखा आहे का ते बघा. दोन्हीला ‘हो’ आलं तर पुढे जा. “राजू वडिलांसारखा उंच आहे” या वाक्यावर मुलं माझ्याशी भांडतात. दोन माणसं आहेत, उंची हा गुण आहे, सारखा हा शब्द आहे, मग उपमा का नाही? आठवा तो गवय. राजू माणूस, वडीलही माणूस, उंची खरोखर मोजता येते. ही साधी तुलना. “राजू शेवग्याच्या झाडासारखा बघता बघता वाढला” म्हणा, मग मी पूर्ण गुण देते.

उपमेच्या शेजारी जे अलंकार राहतात त्यांचाही घोळ होतो, तो एकाच उदाहरणात मिटवू. आमच्या गावचा आठवडी बाजार घ्या. “बाजार मधमाश्यांच्या पोळ्यासारखा घुमत होता” ही उपमा, कारण सारखेपणा सांगितला. “बाजार म्हणजे जणू मधमाश्यांचं पोळंच!” ही उत्प्रेक्षा, कारण आता सारखं नाही, तेच आहे की काय अशी कल्पना केली. “बाजाराच्या पोळ्यात शिरलो आणि घामाघूम होऊन बाहेर पडलो” हे रूपक, बाजार आणि पोळं एकच झालं, जोडणारा शब्दही गेला. “बाजारापुढे मधमाश्यांचं पोळंही गप्प वाटावं” हा व्यतिरेक, इथे मापच तोकडं पडलं. बस. चारही अलंकार एकाच बाजारातून आणले.

ज्या उपमा आपल्याला दिसत नाहीत

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अलंकार फक्त चार सांगितले आहेत : उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढच्या पंडितांनी त्यांची संख्या वाढवत नेली. अप्पय्य दीक्षितांच्या ‘कुवलयानंद’ या ग्रंथात ती शंभराच्या वर गेली. पण पहिल्या चारांत उपमा होती आणि आजही यादीची सुरुवात तिच्यापासूनच होते. कालिदासाचं नाव निघालं की आधी त्याच्या उपमा आठवतात. आपल्या मराठीत 1290 साली ज्ञानेश्वरी लिहून झाली. तिच्यात अवघड तत्त्वज्ञान समजावताना ज्ञानेश्वर पाणी, दिवा, बी, आई आणि लेकरू अशी घरातली, शेतातली मापं वापरतात. आणि खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी! त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. संसार समजावायला त्यांनी चुलीवरचा तवा घेतला, कारण तो रोज त्यांच्यासमोर तापत होता. त्यांना कुठल्याही शाळेत कोणी उपमेय-उपमान शिकवलं नव्हतं.

तुम्हीही दिवसभर उपमा वापरता, फक्त त्या झिजून गुळगुळीत झाल्या आहेत म्हणून कळत नाही. ‘मुसळधार पाऊस’ म्हणतो आपण. मुसळ पाहिलंय कोणी? उखळात धान्य कांडायचा जाडजूड लाकडी दांडा. पावसाची एकेक धार मुसळाएवढी जाड, म्हणून मुसळधार. ‘सुतासारखा सरळ’ म्हणतो. यातलं सूत म्हणजे ताणून धरलेला धागा. गवंडी भिंत बांधताना आजही दोन टोकांना दोरी ताणतो आणि विटा तिच्या रेषेत लावत जातो. पुढच्या वेळी कुठे बांधकाम दिसलं तर दोन मिनिटं उभे राहा, ही उपमा तिथे कामावर असते.

रंगांचं तर विचारूच नका. लाल, काळा, पांढरा, हिरवा, पिवळा, निळा हे झाले सरळ रंग. बाकीचे बघा. मोरपंखी, पोपटी, डाळिंबी, अंजिरी, आमसुली, अबोली, केशरी, शेवाळी, विटकरी, राखाडी, गव्हाळ. सगळ्या उपमाच, आखडून एका शब्दात बसलेल्या. तपकिरी रंग कशावरून आला, असं मी वर्गात विचारलं तर कोणालाच सांगता येईना. तपकीर म्हणजे नाकात ओढायची तंबाखूची पूड. आमचे आजोबा डबीतून चिमूट काढायचे, शिंकायचे आणि आजीचं ऐकून घ्यायचे. डबी गेली, आजोबाही गेले, रंगाच्या नावात ती पूड राहिली. साडीच्या दुकानात एकदा तासभर बसून या यादीत भर घाला. दुकानदार वैतागेल, पण तुम्हाला पन्नास उपमा मिळतील.

आमच्या हजेरीपटातही उपमा बसलेल्या आहेत. घनश्याम म्हणजे ढगासारखा सावळा. मीनाक्षी म्हणजे जिचे डोळे माशासारखे आहेत ती. हेमांगी म्हणजे जिचं अंग सोन्यासारखं आहे ती. (मीनाक्षी नावाच्या एका मुलीला हे सांगितलं तर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. माशाचा डोळा म्हणजे ताटातला मासा नव्हे गं, पाण्यात चमकत पळणाऱ्या मासोळीचा आकार आणि तिची चपळाई! पण वर्गाचं हसून झालं होतं.)

मीनाक्षीवरून आठवलं. उपमा लागते, हेही सांगायला हवं. गाढवासारखा, म्हशीसारखी, दगडासारखा, कावळ्यासारखा. या चार शब्दांनी शाळेच्या मैदानावर जेवढी रडारड होते तेवढी गुडघे फुटून होत नाही. मोठ्यांच्या तोंडीही त्या सहज येतात, शिक्षकांच्याही. माझ्या वर्गात मी एक नियम केला आहे. कोणाच्या रंगाला, अंगाला, चालण्याला उपमा द्यायची नाही, गंमत म्हणूनही नाही. रागाला द्या, अक्षराला द्या, झोपेला द्या. “याचं अक्षर कोंबडीचे पाय उमटल्यासारखं आहे” हे चालतं, अक्षर उद्या सुधारता येतं.

उपमा नीट दिली की जीव वाचतो

हे वाक्य अतिशयोक्ती अलंकाराचं उदाहरण वाटेल, पण नाही.

काही वर्षांपूर्वी रात्री माझे वडील उठून बसले. काय होतंय विचारलं तर म्हणाले, “काही नाही, गॅस झालाय.” आईने ओवा दिला. अर्ध्या तासाने मी पुन्हा विचारलं, “बाबा, दुखतंय म्हणजे नेमकं कसं दुखतंय?” त्यांनी जरा विचार केला. ते आयुष्यभर आडतीवर काम केलेले. म्हणाले, “दुखत नाही गं. छातीवर कोणीतरी भरलेलं पोतं ठेवल्यासारखं वाटतंय. आणि हात जड झालाय.” मी ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला आणि हेच वाक्य जसंच्या तसं सांगितलं. पोतं हा शब्द ऐकताच त्यांनी पुढचं ऐकून घेतलं नाही, म्हणाले, “एक मिनिट घालवू नका, दवाखान्यात न्या.” हृदयविकाराचा झटका होता. बाबा आज आहेत, सकाळी फिरायला जातात आणि माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढतात.

दुखणं दुसऱ्याला दिसत नाही. ते दाखवायला उपमेशिवाय साधन नाही, म्हणून तर डॉक्टर विचारतात, कसं दुखतंय? आणि मराठीत या कामासाठी केवढा साठा आहे बघा : सुया टोचल्यासारखं, मुंग्या आल्यासारखं, आतून पिळल्यासारखं, विंचू डसल्यासारखं, करवतीने कापल्यासारखं, निखारा ठेवल्यासारखं. प्रत्येकाचा अर्थ वेगळा. नुसतं “खूप दुखतंय” याने काही कळत नाही. छातीवर दाब, ओझं, आवळल्यासारखं वाटणं, हे हृदयाच्या त्रासात बऱ्याचदा सांगितलं जातं. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी असं काही म्हटलं तर ओव्यावर थांबू नका.

थोडं मागे जाऊन बघा, बाबांच्या वाक्यात उपमान कुठून आलं? आडतीवरून. त्यांनी पोतं पाठीवर घेतलेलं होतं. त्याचं वजन त्यांना माहीत होतं. पुस्तकातली उपमा त्यांना सुचली असती तर ते बहुधा “अस्वस्थ वाटतंय” म्हणाले असते आणि झोपले असते.

पाचट

आता माझी चूक सांगते. हे इतकी वर्षं वर्गात सांगत नव्हते, अलीकडे सांगते.

मी तेव्हा बीड जिल्ह्यातल्या एका गावात शिकवत होते. दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जायचं, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे ‘एक कोयता’ म्हणतात. दोन माणसं आणि नाव हत्याराचं. मुलं काही बरोबर जायची, काही आजीजवळ राहायची. सहावीतली एक मुलगी त्या वर्षी आजीजवळ राहिली होती. शांत, तिसऱ्या बाकावर बसणारी.

उपमा शिकवून झाल्यावर मी वाक्य दिलं : “माझ्या आईचे हात ______सारखे आहेत.” वह्या तपासायला घेतल्या. फुलासारखे, कापसासारखे, लोण्यासारखे, पुन्हा फुलासारखे. तिच्या वहीत होतं, “माझ्या आईचे हात पाचटासारखे आहेत.”

पाचट म्हणजे उसाची वाळलेली पानं. कडा धारदार, हाताला चरचर कापणाऱ्या. मी त्यावर लाल रेघ मारली. वर लिहिलं ‘फुलासारखे मऊ’ आणि शेजारी लिहिलं, ‘पाच वेळा लिहिणे’. तिने लिहिलं. सुंदर अक्षरात, पाच वेळा. विचारलं काहीच नाही.

कारखान्यांचा पट्टा पडला, माणसं परत आली. निकालाच्या दिवशी तिची आई शाळेत आली. प्रगतिपुस्तक हातात घेतलं, वाचता येत नव्हतं, म्हणून त्या मुलीच्या नावावरून, गुणांवरून नुसता हात फिरवत राहिल्या. खोलीत तेव्हा कोणी बोलत नव्हतं आणि मला आवाज आला. कागदावरून हात फिरल्याचा. वाळलेलं पान जमिनीवरून सरकावं तसा.

मी मुलीला दुसऱ्या दिवशी बोलावलं. म्हटलं, “तुझं वाक्य बरोबर होतं. माझी चूक झाली. पाचटासारखे, म्हणजे खरखरीत, हो ना?” मला वाटलं होतं की मला आता सगळं समजलंय. ती म्हणाली, “खरखरीत हायतच, बाई. पण तसं नव्हतं म्हणायचं. लहान असताना मी बी जायचे तोडीला. कोपीत खाली पाचट हातरत्यात. टोचतंय, पण थंडी वाजत न्हाई.”

मी काही बोलू शकले नाही.

आता हे धड्याच्या अंगाने बघू, कारण यात फार महत्त्वाचा मुद्दा आहे. तिच्या वाक्यात उपमेय होतं, उपमान होतं, साधर्म्यवाचक शब्द होता. चौथा भाग, समान धर्म, नव्हता. (तो भाग वगळण्यात तिचा दोष नव्हता, मी दिलेल्या वाक्यातच त्याला जागा नव्हती.) चारांपैकी एखादा भाग गाळलेला असतो तेव्हा तिला लुप्तोपमा म्हणतात आणि चारही असतात ती पूर्णोपमा. लुप्तोपमेत गाळलेली जागा वाचणारा भरतो, आणि तो ती आपल्या अनुभवातून भरतो. फुलासारखे म्हटलं की मऊ, हे आपण इतक्या वेळा ऐकलंय की कोणीही बरोबर भरतो. पाचट मी रस्त्याच्या कडेने जाताना पाहिलेलं, त्यावर झोपलेले नव्हते. म्हणून मी आधी भरलं ‘वाईट’, मग भरलं ‘खरखरीत’, आणि दोन्ही वेळा चुकले.

वही परत देताना तिने मला विचारलं, “मग परीक्षेत काय लिहू, बाई?” हा प्रश्न खरा आहे. पेपर दुसरं कोणीतरी तपासणार, घाईत तपासणार, त्याने पाचटाची गादी कुठे पाहिली असणार? ‘फुलासारखे’ लिहिलं तर गुण नक्की. मी तिला फुलासारखे लिही असं सांगितलं नाही, आणि तुला हवं ते लिही, गुणांचं बघून घेऊ, असंही सांगितलं नाही. दुसरं सहामाहीत गेली तर बोलणी तिला बसणार होती, मला नाही. आम्ही दोघींनी मिळून ते वाक्य पुरं केलं : “माझ्या आईचे हात पाचटासारखे खरखरीत आणि ऊबदार आहेत.” चारही भाग हजर. घाईतला तपासनीसही यावर रेघ मारू शकत नाही, आणि तिचं म्हणणंही त्यात पुरतं आहे.

म्हणून तुम्हाला माझा सल्ला असा. नेहमीची उपमा देत असाल तर समान धर्म गाळला तरी चालेल. स्वतःची, नवीन उपमा देत असाल तर समान धर्म लिहाच. हल्लीची मुलं मस्त उपमा देतात. एकाने लिहिलं, “आमच्या गावची एसटी मोबाईलच्या रेंजसारखी आहे.” वर्गातल्या सगळ्यांना कळलं. आजीला कळेल का? “रेंजसारखी बेभरवशाची” म्हटलं तर आजीलाही कळेल.

स्वाध्याय

वहीत करा. उत्तरं गुगलवर शोधू नका, तिथे सगळे हात फुलासारखेच आहेत.

1) पुढच्या वाक्यांतली कोणती उपमा, कोणती नाही, ते कारणासह लिहा. अ) नदीचं पाणी काचेसारखं नितळ होतं. आ) बाळ सकाळपासून सारखं रडतंय. इ) झोपल्यासारखं करून तो सगळं ऐकत होता. ई) आजीचा आवाज जुन्या दाराच्या बिजागरीसारखा कुरकुरतो.

2) वरच्या उपमांतले चारही भाग वेगळे करून लिहा.

3) तुमच्या घरातल्या कपड्यांचे पाच असे रंग शोधा ज्यांची नावं वस्तूवरून, फळावरून किंवा पक्ष्यावरून आली आहेत.

4) ‘दुधासारखा पांढरा’, ‘कोळशासारखा काळा’, ‘मधासारखा गोड’. यातले समान धर्म न बदलता, तुमच्या गावात, घरात किंवा रस्त्यावर रोज दिसणारी नवी उपमानं घालून पाहा.

5) घरातल्या कोणाही एका व्यक्तीचे हात दोन मिनिटं नीट बघा. मग त्यांच्याविषयी उपमा अलंकार असलेलं एक वाक्य लिहा. समान धर्म गाळू नका.